वाढलेली वर्षं ठेवायची कुठे?

ताई, नमस्कार.

माझं वय ६२. पाणीपुरवठ्याच्या पंपिंग स्टेशनवर ३६ वर्षं काढली, शेवटची अकरा वर्षं मेंटेनन्सचा प्रमुख होतो. साठ पूर्ण झाली, निरोपाची भाषणं झाली आणि दुसऱ्या दिवशी गेटवरच्या यादीतून नाव गेलं. तब्येत ठणठणीत आहे. डॉक्टर म्हणाले, "अजून पंचवीस वर्षं तुम्हाला काही होत नाही." त्यांनी ते आनंदाने सांगितलं, मला धडकीच भरली. पंचवीस वर्षं करायचं काय?

घरात वडील आहेत, ८७ वर्षांचे. डोकं शाबूत, पाय साथ देत नाहीत. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमच्या दारात घसरले, थोडक्यात वाचले. मुलगी ३१ वर्षांची, सहा-सहा महिन्यांच्या कंत्राटावर काम करते. मी जुन्या साहेबांना भेटून "परत येऊ का?" असं विचारल्याचं तिला कळलं, तेव्हा जेवताना फटकन म्हणाली, "बाबा, तुम्ही लोक खुर्ची सोडत नाही, म्हणून आम्ही दारात उभे आहोत." अबोला नाही, पण तेव्हापासून आमच्याकडे जेवताना टीव्ही लावतात.

चालू असलेलं घड्याळ कपाटात ठेवावं तसं माझं झालंय. टिकटिक चालू आहे, वेळ कोणी विचारत नाही. प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, सगळीकडेच माणसं जास्त जगायला लागलीत. समाजाने यांचं करायचं काय? आणि मी परत कामाला गेलो, तर मुलीच्या ताटातलं ओढून घेतोय का?

– कपाटातलं घड्याळ

ता.क. नव्या मुलांनी पंपांना सेन्सर बसवलेत, चांगलंच आहे. पण आम्ही स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचो आणि मूठ कानाला लावायचो. बेअरिंग जायच्या आधी आवाजात बारीक वाळू यायला लागते. हे कोणालाच शिकवायचं राहून गेलं.

* * *

घड्याळराव, नमस्कार.

नाव तुम्हीच घेतलंत, तेव्हा त्याच नावाने हाक मारते. पत्रातलं मला सगळ्यात आवडलं ते ता.क. त्याच्याकडे नंतर वळते.

आधी मला सांगा, माणसं जास्त जगायला लागली याचं श्रेय तुम्ही कोणाला देता? बहुतेक जण डॉक्टरांना आणि औषधांना देतात. त्यांचा वाटा आहेच, पण त्यांच्याही आधी नंबर लागतो तुमच्या खात्याचा. १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलऱ्याची साथ आली, तेव्हा जॉन स्नो या डॉक्टरने मेलेल्या माणसांचे पत्ते तपासले. बहुतेक सगळे एका सार्वजनिक पंपाच्या आसपासचे निघाले. त्याने अधिकाऱ्यांना त्या पंपाचा दांडाच काढून घ्यायला लावला. १९०८ मध्ये अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाण्यात रोजच्या रोज क्लोरीन पडायला लागलं. मग एकेका शहराने ते उचललं आणि टायफॉइड ओसरत गेला. तेव्हा ज्यांचं करायचं काय म्हणून तुम्ही विचारताय, त्यांना एवढं जगवण्यात तुमच्या पंपांचाही हात आहे. आता निस्तरायलाही तुम्हीच हवेत!

थट्टा सोडते, पण यात एक मुद्दा आहे. १९५० मध्ये जगाचं सरासरी आयुर्मान ४६ वर्षांच्या आसपास होतं, २०१९ मध्ये ते सुमारे ७३ झालं. हे आकडे ऐकून आपण समजतो की पूर्वी माणसं चाळिशी-पन्नाशीत म्हातारी होऊन मरत. तसं नव्हतं. दहा मुलांतली चार पाळण्यात गेली आणि उरलेली सहा सत्तरीपर्यंत जगली, तरी सरासरी निघते बेचाळीस. सुरुवातीला आयुर्मान वाढलं ते पाळण्यातले मृत्यू थांबले म्हणून, शुद्ध पाण्याने आणि लसींनी. ती वाचलेली मुलं मोठी झाली, शिकली, कामाला लागली. त्यांचं काय करायचं हे जगाला ठाऊक होतं. पुढे रक्तदाबावर औषधं आली, हृदयविकाराने जाणारी माणसं वाचू लागली, अनेक देशांत सिगारेट कमी झाली, आणि वर्षं वाढली ती साठीच्या पुढे. तुमची पंचवीस वर्षं या दुसऱ्या खेपेतली आहेत. माल आला, पण घरात तो ठेवायला फडताळच नाही, अशी गत झाली. मग जे फडताळ होतं, 'विश्रांती' नावाचं, त्यातच सगळं कोंबलं.

साठ किंवा पासष्ट हा आकडा तरी आला कुठून? जर्मनीत सरकारप्रमुख बिस्मार्कच्या काळात, १८८९ मध्ये, म्हातारपणाच्या पेन्शनचा कायदा झाला. त्यात वय होतं ७०. ते ६५ वर आलं १९१६ मध्ये, तोवर बिस्मार्कला जाऊन १८ वर्षं झाली होती. पुढे कुठे साठ, कुठे पासष्ट, ज्याने त्याने आपापल्या तिजोरीकडे बघून ठरवलं. शरीर तपासून हा आकडा कोणीच काढलेला नाही. तरी आपल्या भाषेत 'साठी बुद्धी नाठी' आहेच, आणि आपण ती साठीतल्या माणसाच्या तोंडावर हसत हसत म्हणतोही. मी एकाहत्तरची आहे. परवा एका दवाखान्यात गेले, मुलगी सोबत होती. काउंटरवरचा मुलगा मला ओलांडून तिला विचारतो, "आजींना कधीपासून त्रास होतोय?" आजी समोर, शुद्धीवर, हातात स्वतःची फाइल घेऊन उभ्या! मी म्हटलं, "आजींना विचारून सांगते." तो बिचारा ओशाळला. वाईट नव्हता, त्याला सवय तशी लागलेली होती. समाजाने बदलायचं म्हणजे कायदे आणि पेन्शन हे तर आहेच, पण सुरुवात इथून व्हायला हवी असं मला वाटतं. साठीच्या पुढची सगळी माणसं एकाच पोत्यात भरायची नाहीत. तुमच्या घरात ६२ आणि ८७ असे दोन 'ज्येष्ठ' आहेत. तुमच्या दोघांच्या गरजांत तुमच्या आणि मुलीच्या गरजांपेक्षा जास्त अंतर आहे, आणि तुम्हाला मोजताना मात्र एकाच रांगेत धरतात.

आता खुर्चीचं.

तुमची मुलगी अर्धी बरोबर आहे. चुकीचा अर्धा भाग आधी घेते. जगात कामं मोजून तेवढीच आहेत, एकाने सोडलं तरच दुसऱ्याला मिळतं, हा समज फार जुना आहे आणि अर्थशास्त्रज्ञ शंभराहून अधिक वर्षं त्याच्याशी भांडत आलेत. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइझ यांच्या पुढाकाराने बारा देशांची आकडेवारी तपासली गेली, २०१० मध्ये निष्कर्ष आले. ज्येष्ठांना लवकर घरी बसवलं म्हणून तरुणांच्या नोकऱ्या वाढल्या, असा पुरावा मिळाला नाही. कारण समजायला सोपं आहे. कमावता माणूस खर्च करतो, त्या खर्चातून दुसऱ्याचं काम उभं राहतं. घरी बसवलेल्याचं पेन्शन कोणाच्या तरी पगारातूनच कापलं जातं, आणि तो कोणी म्हणजे तुमची मुलगी.

पण हे झालं अख्ख्या देशाचं. एका पंपिंग स्टेशनवर प्रमुखाची खुर्ची एकच असते. त्यावर तुम्ही ७० पर्यंत बसलात तर तुमच्या हाताखालचा माणूस हाताखालीच म्हातारा होतो. इथे मुलगी शंभर टक्के बरोबर आहे, आणि तिला देशाची आकडेवारी वाचून दाखवू नका. टीव्हीचा आवाज वाढेल फक्त.

म्हणून माझा सल्ला असा की खुर्ची मागू नका, काम मागा. या दोन गोष्टी आपण इतकी वर्षं एकत्र बांधल्यात की वेगळ्या दिसतच नाहीत. तुमच्या साहेबांना तुम्ही विचारलंत "परत येऊ का?", म्हणजे त्यांना ऐकू आलं "माझी जागा परत द्या." त्याऐवजी एका कागदावर लिहून न्या: आठवड्याचे दोन दिवस, सहा महिने, हाताखाली माणसं नकोत, सहीचा अधिकार नको, सोबत दोन नवी मुलं हवीत. दर आठवड्याला एक पंप. सेन्सरच्या नोंदी आणि तुमच्या कानाची नोंद शेजारी शेजारी लिहायच्या. 'बारीक वाळू' कधी येते, तेव्हा सेन्सर काय दाखवतो, किती दिवसांनी बेअरिंग जातं. तुमचा कान बरोबर निघाला तर स्टेशनला फायदा, सेन्सर बरोबर निघाला तर तुमची चुटपूट संपेल. कामाचे पैसे मागा, हेही सांगते. फुकट मिळालेला सल्ला कोणी ऐकत नाही, आणि तुम्ही फुकट राबलात तर एखाद्या कंत्राटी मुलाची जागा खरंच जाईल.

असं काम देणाऱ्या व्यवस्था जगात आहेत. जपानमध्ये १९७०च्या दशकापासून ज्येष्ठांसाठी खास केंद्रं आहेत. नाव नोंदवायचं आणि आठवड्याचे थोडे तास काम घ्यायचं: बाग छाटणं, किरकोळ दुरुस्ती, कार्यालयातली मदत. पूर्ण नोकरी कोणी देत नाही आणि मागतही नाही. तिथल्या सरकारने २०२१ पासून कंपन्यांना ७० पर्यंत काम देण्याचा प्रयत्न करा असंही सांगितलंय.

मला त्याहून आवडतं ते जर्मनीतल्या एका कारखान्याचं उदाहरण. बीएमडब्ल्यूचा डिंगोल्फिंगचा कारखाना. २००७ मध्ये त्यांनी एका असेंब्ली लाइनवर मुद्दाम अशी माणसं आणली की सरासरी वय ४७ व्हावं, कारण दहा वर्षांनी सगळ्या कारखान्याचं वय तेवढं होणार होतं. मग वरून आदेश न काढता त्या कामगारांनाच विचारलं, कुठे दुखतं? सत्तरेक बदल झाले, आणि त्यातले बहुतेक इतके साधे की वाचून हसू येतं. सिमेंटच्या जमिनीवर लाकडी फळ्या टाकल्या, गुडघ्यांना बरं. अधूनमधून टेकायला उंच खुर्च्या दिल्या. बारीक भाग बघायला भिंग, स्क्रीनवर मोठी अक्षरं. वर्षभरात त्या लाइनचं उत्पादन सात टक्क्यांनी वाढलं. कामगार तेच होते, बदललं फक्त त्यांच्या पायाखालचं आणि डोळ्यांसमोरचं. शिवाय लाकडी जमीन पंचविशीच्या पायांनाही चालते.

तरीही निवृत्तीचं वय सरसकट वाढवा, असं मी म्हणणार नाही. डेन्मार्कने ते आयुर्मानाला बांधून टाकलंय. माणसं जास्त जगली की वयही सरकतं, आणि २०२५ मध्ये तिथल्या संसदेने २०४० पासून ते ७० करायचं ठरवलं. हिशेबाला ते चोख आहे. पण चाळीस वर्षं विटा उचललेल्या माणसाचा सत्तरीतला खांदा आणि चाळीस वर्षं फायली उचललेल्याचा खांदा एक नसतो. अठराव्या वर्षी कामाला लागलेला आणि सव्विसाव्या वर्षी डिग्री घेऊन लागलेला, दोघांना एकच वय लावलं तर आधी लागलेल्याने आठ वर्षं जास्त घासायची. डेन्मार्कला हे कळलं, म्हणून लवकर कामाला लागलेल्यांसाठी लवकर सुटायची वेगळी सोय त्यांनी २०२२ पासून केली. तुम्ही मेंटेनन्समधले आहात, तुमच्याबरोबरच्या किती जणांचे गुडघे तुमच्यासारखे आहेत? 'मी ठणठणीत आहे, म्हणजे सगळ्यांनी काम करावं' असं बोलायचा मोह तुम्हाला होईल, मलाही होतो. तो आवरायचा.

माझं म्हणणं वेगळंच आहे. आपण आयुष्याचे तीन तुकडे केलेत: आधी शिका, मग राबा, मग बसा. वर्षं वाढली तशी ती सगळी तिसऱ्या तुकड्याच्या शेपटीला जोडली. तिथे ती तुम्हाला जड झालीत, आणि मधल्या तुकड्यातल्या माणसाला श्वास घ्यायला फुरसत नाही. तुमच्या मुलीकडे बघा. तीस ते पंचेचाळीस या पंधरा वर्षांत तिला नोकरी पक्की करायची, घर बघायचं, मूल हवं असेल तर तेही याच काळात, आणि आजोबा-आईबाबांची दुखणीही त्याच सुमारास. ती नव्वदीपर्यंत जगली तर कदाचित पन्नास वर्षं काम करेल. एका डिग्रीवर पन्नास वर्षं कशी निघतील? तिला चाळिशीत वर्षभर थांबून नवं काही शिकता यायला हवं, मूल लहान असताना अर्धवेळ काम करून पुढे परत वेग घेता यायला हवा, आणि त्याची शिक्षा म्हणून बढती जायला नको. विश्रांतीची वर्षं थोडी मध्ये ओढायची, कामाची थोडी पुढे सरकवायची. हे एकट्याने होत नाही. कंपन्यांनी, पेन्शनच्या नियमांनी, विद्यापीठांनी जागा करून द्यावी लागते. फ्रान्समधल्या तुलूझ शहरात १९७३ मध्ये निवृत्तांसाठी विद्यापीठाचे वर्ग सुरू झाले आणि ती कल्पना पुढे अनेक देशांत गेली, छान झालं. पण चाळिशीतल्या थकलेल्या माणसासाठी वर्ग फारसं कोणी काढत नाही, आणि खरी गरज त्याची आहे. एवढं मुलीशी बोललात, तर तुम्ही दोघं एकाच बाजूला उभे आहात हे तिला दिसेल. तिचं कंत्राट सहा महिन्यांचं ठेवलंय ते तुम्ही नव्हे. दोघांना गेटबाहेर ठेवणारा नियम एकाच टेबलावर लिहिला जातो.

वडिलांबद्दल तुम्ही तीन ओळी लिहिल्यात, आणि माझं मन तिथेच अडकलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०१९ मध्ये सरासरी माणूस ७३ वर्षं जगत होता, पण त्यातली निरोगी वर्षं सुमारे ६४. मधली नऊ-दहा वर्षं दुखण्याखुपण्याची, बऱ्याचदा कोणाच्या तरी आधाराची. हा आधार बहुतेक घरांत एकच माणूस देतो, बहुधा बाई, आणि कित्येकदा ती नोकरी सोडून देते. जपानने एप्रिल २००० पासून यासाठी वेगळा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकाने हप्ता भरायचा, निम्मा पैसा करातून यायचा, आणि गरज पडली की घरी येऊन अंघोळ घालणारा माणूस, दिवसभराचं केंद्र किंवा घरात कठडे बसवायचा खर्च त्यातून मिळायचा. सून किंवा मुलगी घरात आहे का, हे न बघता. पैसा त्यांनाही पुरत नाही. शंभरी गाठणाऱ्यांना तिथलं सरकार १९६३ पासून चांदीचा प्याला देतं. पहिल्या वर्षी शंभरीपुढची माणसं देशभरात १५३ होती, २०२४ मध्ये ९५ हजारांवर गेली. शेवटी २०१६ पासून सरकारने प्याला चांदीचा मुलामा दिलेला द्यायला सुरुवात केली! मला यात हसू येतं आणि कौतुकही वाटतं. प्याला हलका केला, पण द्यायचं थांबवलं नाही.

पैसा लागतोच, पण कधी कधी नुसतं लक्ष पुरतं. सिंगापूरमध्ये २००९ पासून रस्ता ओलांडताना ज्येष्ठांनी खांबावरच्या यंत्राला आपलं कार्ड टेकवलं की हिरवा दिवा काही सेकंद जास्त राहतो. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे तीन ते तेरा सेकंद. तेवढ्यासाठी कितीतरी माणसं घराबाहेर पडायची थांबलेली असतात. बाहेर पडणं थांबलं की पाय जातात, आणि पाय गेले की बाकीचं मागोमाग.

तेव्हा वडिलांच्या पायांचं आधी बघा आणि तुमच्याही. डॉक्टरांच्या पंचवीस वर्षांवर विसंबू नका, ती फुकट मिळत नाहीत. चालणं तुम्ही करतच असाल. पण जागतिक आरोग्य संघटना पासष्टीपासून पुढच्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटांच्या हालचालीशिवाय तीन दिवस तोल आणि ताकदीचे व्यायामही करायला सांगते, आणि तेच आपण टाळतो. खुर्चीवरून हात न टेकता उठणं, सलग दहा वेळा. करून बघा, मग ठणठणीत म्हणा. वडिलांना जमेल ते त्यांच्या डॉक्टरांना विचारून, कोणी शेजारी उभं राहून.

आणि वडिलांना काहीतरी विचारा. काय हवं-नको हे तर विचारताच असाल, पण त्यांना येतं असं काही विचारा. तुम्हाला कपाटात ठेवल्यासारखं दोन वर्षं वाटतंय, त्यांना किती वर्षं वाटत असेल याचा हिशेब तुम्ही केलेला दिसत नाही.

साहेबांना द्यायचा कागद पुढच्या आठवड्यात लिहा. त्याआधी बाथरूमच्या दारापाशी दांडा बसवा आणि पलंगापासून तिथपर्यंत रात्रीचा दिवा लावा. दांडा टॉवेल अडकवायचा नको, माणसाचं वजन पेलणारा हवा, भिंतीत नीट ठोकलेला. हे तुम्हाला मी काय सांगू! फक्त उंची अंदाजाने धरू नका. वडिलांना तिथे उभं करा, त्यांचा हात आपोआप कुठे जातो ते बघा आणि तिथे पेन्सिलने खूण करा.